सागवानातला डोळा

१

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली सकाळ होती. कमलिनी ठवकर हॉलचा पडदा सारायला गेली आणि पायाखाली काहीतरी दबलं. तिनं खाली पाहिलं. कूलरची टाकी ठिबकली होती आणि खिडकीपासून सोफ्यापर्यंत पाण्याचा ओघळ आला होता. त्या ओघळात तिचं सागवान फुगलं होतं.

फळ्यांच्या कडा भिजलेल्या पावासारख्या वर आल्या होत्या. एका फळीचा कोपरा तर सोलला गेला होता. कमलिनीनं वाकून तो नखानं ओढला, तशी लाकडाच्या रंगाची पातळ कातडी सर्रकन निघून हातात आली. खाली लाकूड नव्हतंच. दाबून बसवलेल्या भुशाचा तपकिरी गाळ होता, बोटानं उकरला की सुटणारा.

ती तशीच जमिनीवर बसली. जानेवारीत हे सगळं बसवून झालं, तेव्हापासून तिनं भिशीच्या बायकांना तीनदा घरी बोलावलं होतं. तिन्ही वेळा बायका चपला बाहेर काढून, जपून पावलं टाकत आत आल्या होत्या. सागवान आहे म्हटल्यावर माणूस जपूनच चालतो.

तिचा नवरा धनंजय भिलाईच्या कारखान्यात लेखा विभागात होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तो दाढी करता करता आला, फळीकडे पाहिलं आणि गालावरचा फेस पुसत पुन्हा आत गेला. कमलिनी मात्र सोडून देणारी नव्हती. दुकानात तिनं जो नमुना हातात घेतला होता, तो अस्सल होता. जड, तेलकट वासाचा. तो तुकडा अजून तिच्या कपाटात होता. म्हणजे दुकान आणि घर यांच्यामध्ये कुठंतरी लाकूड बदललं गेलं. आणि बसवायच्या दिवसांत ती स्वतः बहिणीच्या आजारपणासाठी नागपूरला होती. घरात दिवसभर एकटा होता कवडू मिस्त्री. समोरच्या घरातल्या लोकांनी त्याला जाताना ऑटोत खोके भरताना पाहिलं होतं.

दहा वाजायच्या आत तिनं तुळसाबाईंना फोन केला. तुळसाबाई तिची भिशीतली जुनी मैत्रीण. त्यांच्या मुलाचं लग्न जूनमध्ये होतं आणि सगळ्या घराचं लाकूडकाम त्यांनी कमलिनीच्याच शब्दावर कवडूला दिलं होतं. दुपारपर्यंत कवडूची हत्यारं तुळसाबाईंच्या फाटकाबाहेर ठेवली गेली होती.

संध्याकाळी पोलिसांत जायचं, असं कमलिनीनं जाहीर केलं. धनंजय इतकंच म्हणाला, की त्याआधी एकदा भोयरकाकांना दाखवू.

२

रामाजी भोयर मागच्या गल्लीत राहत. वय एकाहत्तर. रेल्वेत चौतीस वर्षं रूळ तपासण्याचं काम केलेले. दुर्ग ते डोंगरगड हा सगळा मार्ग त्यांनी पायी तुडवला होता आणि खाली बघत चालायची सवय त्यांना आता सुटत नव्हती. कॉलनीत कोणाचं काही हरवलं की लोक त्यांना बोलावत. आणि ते जे सांगत, ते सहसा कोणाला आवडत नसे.

ते आले, कमलिनीनं पुढं केलेली खुर्ची बाजूला सारून सरळ जमिनीवर बसले आणि दहा मिनिटं एकेक फळी निरखत राहिले. तेवढ्यात कमलिनीनं त्यांना सगळी हकिगत सांगितली. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. मुळात हे सागवान तिला कशासाठी हवं होतं, ती.

तिची धाकटी जाऊ दुर्गा बोरसीला राहायची. दीर रेल्वेत. मागच्या दसऱ्याला दुर्गानं आपल्या हॉलमध्ये लाकडी फ्लोअरिंग केलं, रायपूरहून मागवलेलं अस्सल सागवान. सगळ्या नात्यात त्याचीच चर्चा. कमलिनी बघायला गेली, छान आहे म्हणाली, चहा घेतला, आणि घरी येताना रस्ताभर आपल्या हॉलचं माप मनात मोजत राहिली. सव्वीस वर्षं ती थोरली सून होती. सासूबाई असताना घरातली प्रत्येक गोष्ट तिला विचारून व्हायची. आणि आता लोक दुर्गाचं घर बघायला जातात. महिन्याभरात तिनं ऑर्डर दिली, आणि दुकानात निवड करायला मुद्दाम दुर्गालाच सोबत नेलं. सगळ्यांत महागाचा नमुना उचलून तिनं दुर्गाच्या तोंडाकडे पाहिलं होतं. ते पाहणं तिला किमतीपेक्षाही मोलाचं वाटलं होतं.

"वहिनी, इकडे या जरा," भोयर म्हणाले.

त्यांनी एका फळीवर बोट ठेवलं. तिथं लाकडाची एक गाठ होती, डोळ्यासारखी, डाव्या बाजूनं जरा फाटलेली. मग ते गुडघ्यांवर पुढं सरकले आणि पाच फळ्या सोडून दुसरीवर बोट ठेवलं. तोच डोळा. तीच फट, त्याच बाजूला. भिंतीजवळ आणखी एक. सोफ्याखाली आणखी.

"झाड एक गाठ दोनदा करत नाही," ते म्हणाले. "हे छापलेलं आहे. कागदावरचं चित्र."

तीन महिने ती या डोळ्यांवरून चालत होती. तिला एकही दिसला नव्हता.

भोयर उठले आणि न विचारता बेडरूमपर्यंत गेले. तिथंही तेच. दुसऱ्या बेडरूममध्येही तेच. त्यांनी विचारलं, तुम्ही तर हॉलचीच ऑर्डर दिली होती ना? कमलिनी म्हणाली, हो, पण दुकानाची काहीतरी ऑफर होती, तेवढ्याच पैशात दोन्ही बेडरूम करून दिल्या. माल उतरवून घेतला तो धनंजयनं, सहीही त्याचीच. धनंजयनं खाली मान घालून कबूल केलं, की ड्रायव्हरनं तिन्ही खोल्यांचं आहे म्हणून सांगितलं आणि चलान न वाचताच त्यानं सही केली.

भोयरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. कमलिनीनंही पाहिलं. हे फ्लोअरिंग नको म्हणून महिनाभर वाद घालणारा माणूस तोच होता.

"ऑफर," भोयर स्वतःशीच म्हणाले. "दुकानात जाऊन येऊ."

३

शामसुंदरचं दुकान भिलाईच्या सुपेला भागात होतं. कमलिनीला बघून तो हसत उठला आणि फुगलेली फळी बघून बसला. त्यानं ऑर्डरचं पान काढलं. वरती सागवान लिहिलेलं, एका हॉलचं. त्यावर काट मारलेली. खाली दुसऱ्याच मालाचा नंबर, तीन खोल्यांचा, कडेच्या पट्ट्यांसह. रक्कम तीच.

कमलिनीचा आवाज चढला. शामसुंदरनं हात जोडले, पण मागं हटला नाही.

"मैडम, आप ही का तो फोन आया था. ठवकर मैडम बोल रही हूँ, बोला आपने."

त्यानं सांगितलं ते असं. माल पाठवायच्या दोन दिवस आधी दुकानाच्या, नंबर न दिसणाऱ्या जुन्या फोनवर एका बाईचा फोन आला. सागवान नको, दुसरं द्या म्हणाली. कुठलं, तर तिनं मालाचा नंबर एक एक आकडा करून सांगितला. आणि उरलेल्या पैशात बाकीच्या खोल्या करून टाका, हिशोब तिथल्या तिथं मिटवा. शामसुंदरला नवल वाटलं नाही. मोठा माल निवडून नंतर मागं फिरणारी गिऱ्हाइकं रोजची. त्यांना उलट फोन करून लाज आणू नये, हा त्याचा धंद्यातला शिरस्ता होता.

कमलिनी म्हणाली, हा खोटं बोलतो आहे. भोयरांनी फक्त विचारलं, तो नंबर गिऱ्हाइकाला कुठं मिळतो? नमुन्यावर असतो का? शामसुंदर म्हणाला, नमुन्यावर नावं असतात, नंबर नसतो. नंबर कंपनीचा, सगळ्या दुकानांत तोच; तो फक्त खोक्यावर असतो आणि फळीच्या पाठीवर.

बाहेर येऊन कमलिनीनं सरळच विचारलं, की तुमचा याच्यावर विश्वास बसला?

"बसला," भोयर म्हणाले. "आता मिस्त्रीकडे जाऊ. तुमी सोबत या. तुमीच त्याच्यावर आळ घेतला आहे."

४

कवडू कुरुदला राहायचा. गावाच्या जुन्या भागात दोन खोल्या, पुढं पडवी. तो पडवीत बसून रंध्याचं पातं घासत होता, काम नसताना. कमलिनीला पाहून तो उठला, आत जाऊन खुर्ची आणली, आणि ती बसल्यावर स्वतः उभाच राहिला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

भोयरांनी विचारलं तसं तो सांगत गेला. पहिलं खोकं उघडलं तेव्हाच त्याला कळलं, की हे लाकूड नाही. त्यानं लगेच दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की मॅडमनीच बदललं. मग त्यानं मुकाट्यानं काम केलं. ऑटोत नेलेले खोके रिकामे होते. पावसाळ्यात पत्र्याखाली लावायला त्याला जाड पुठ्ठा हवा होता. ते त्यानं पडवीच्या आढ्याकडे बोट करून दाखवले. सहा खोके, उलगडून खिळ्यांनी ठोकलेले.

"मग मले का नाही सांगतलं तू?" कमलिनीनं विचारलं.

कवडू पात्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुमी हलकं घेतलं असंन, तं काही कारण असंन. मी तोंडावर कसं विचारू? तुमाले कसं वाटलं असतं?"

कमलिनीनं नजर वर केली. ती त्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिली. प्रत्येकावर काळ्या अक्षरात तोच नंबर होता.

परतताना भोयर रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली थांबले. चालून त्यांचा गुडघा दुखत होता. तिथंच त्यांनी आपला हिशोब मांडला.

"वहिनी, फसवणारा माणूस कमी देतो. इथं तुमाले जास्त मिळालं. एकाच्या जागी तीन खोल्या. कोणाच्या खिशात काही गेलं नाही. मग हे केलं कावून? पैसे उरले असते, तर शामसुंदरनं ते तुमाले परत केले असते, अन् बदल त्याच दिवशी उघडा पडला असता. म्हणून ते तिथंच जिरवले. ज्यानं हे केलं, त्याले काही घ्यायचं नव्हतं. त्याले फक्त तुमच्या घरात सागवान नको होतं."

कमलिनीच्या डोक्यात दुकानातून निघाल्यापासून एक नाव होतं. खरं तर तेच नाव निघावं, अशी तिची इच्छा होती. पण ती स्वतःच म्हणाली, "दुर्गा असती तर मी मानलं असतं, काका. पण तिच्या घरी तं आधीपासून सागवान आहे. जिच्याजवळ आहे, ती कावून जळंल?"

"फोन करणारी बाई होती. तुमी नागपूरले आहात हे तिले माहीत होतं. दुकान माहीत होतं. नाव ठवकर सांगतलं, अन् ते कदाचित खोटंही नसंन. राहिला तो नंबर. बसवलेल्या फळीची पाठ दिसत नाही. ज्याच्या घरी तोच माल बसला आहे अन् एखादी फळी उरली आहे, त्यालेच तो नंबर वाचता येते." भोयर उठले. "बोरसीले चहा मिळंन का?"

५

दुर्गानं दार उघडलं आणि दोघांना एकत्र पाहून क्षणभर उंबऱ्यातच थांबली. मग हसून आत घेतलं. ती पन्नाशीची, नीटनेटकी बाई होती. घरातही काचेच्या बांगड्या मोजून घालणारी. हॉल चकचकीत होता. मधोमध मोठा गालिचा अंथरला होता. दसऱ्याला तो नव्हता, हे कमलिनीला आठवलं.

दुर्गा चहा करायला गेली. भोयर सोफ्यावर बसले नाहीत. गुडघा धरून ते हळूच खाली वाकले आणि गालिच्याचा कोपरा उचलला.

डोळा तिथं होता. डाव्या बाजूनं फाटलेला.

कमलिनीनं पाहिलं आणि आधी तिला काही कळलंच नाही. मग कळलं. हे सागवान कधीच सागवान नव्हतं. ज्यासाठी दसऱ्यापासून तिची झोप उडाली, जे आपल्याला मिळावं म्हणून तिनं नवऱ्याशी भांडण मांडलं, ते कागदावरचं चित्र होतं. तिला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

दुर्गा ट्रे घेऊन आली. गालिच्याचा वळलेला कोपरा तिनं पाहिला. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, एकही कप न हलवता, आणि समोरच्या खुर्चीत बसली. नाकारायचा प्रयत्न तिनं केला नाही. भोयरांनी विचारायचं ते विचारलं, तिनं मान हलवत हो म्हटलं. उरलेली फळी माळ्यावर होती. नंबर तिच्यावरूनच वाचला.

"मी खोटं नाव सांगतलं नाही," ती एकदाच म्हणाली. "मीही ठवकरच आहो."

भोयर चहा न घेता उठले. बाहेर झाडाखाली थांबतो, असं सांगून ते निघून गेले. दोघी जावा उरल्या.

कमलिनी दुर्गासमोर येऊन बसली. तिनं इतकंच विचारलं, की कावून केलंस?

दुर्गानं ट्रेवरच्या नक्षीवर एकदा बोट फिरवलं. मग बोलली, आणि बोलताना तिनं आवाज चढवला नाही.

"ताई, लग्न होऊन आली तवापासून मी एकच ऐकलं. कमलिनीसारखं कर, कमलिनीले विचार. सासूबाई गेल्या तरी ते सरलं नाही. दसऱ्याले तुमी इथं आल्या. तुमी छान म्हटलं, पण तुमचं तोंड मी पाहिलं. तुमी जळून राहिल्या होत्या. मले ते लय आवडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा." ती थांबली. "मंग तुमी मले दुकानात नेलं अन् खरं सागवान उचललं. ते तुमच्या घरी लागलं असतं, तं दोन्ही घरं पाहिलेल्या माणसाले फरक कळलाच असता. माह्याजवळ तेवढंच होतं. तेही गेलं असतं."

कमलिनी ऐकत होती. राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण त्याच्या बरोबरीनं आणखी एक भावना आली, जिची तिला लाज वाटली. इतकी वर्षं कोणीतरी आपला हेवा करत होतं. आपल्याला माहीतच नव्हतं. तिला ते गोड लागलं. अगदी तसंच, जसं दुर्गाला दसऱ्याला लागलं असेल.

६

चहा तसाच गार झाला. शेवटी कमलिनी म्हणाली, की सागवानाचं आपण नंतर पाहू. आधी कवडूचं पाहायचं. त्या माणसाची हत्यारं रस्त्यावर पडली ती माझ्यामुळं, पण मी चुकले ती तुझ्यामुळं. दोघींनी मिळून निस्तरावं लागेल.

दुर्गा नाही म्हणाली नाही. तिनं साडी बदलली, स्कूटी काढली. भोयरांना घरी सोडायला कमलिनीनं ऑटो करून दिला. जाताना त्यांनी दुर्गाकडे पाहिलं आणि स्कूटी जपून चालव म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत.

कुरुदला कवडूनं पुन्हा खुर्ची काढली. या वेळी दोन. त्यानं दुर्गाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. कमलिनीनं हात जोडले, तेही त्यानं पाहिले. मग त्यानं एकच गोष्ट मागितली. हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता, त्याला तर आधीपासूनच माहीत होतं की त्यानं चोरी केली नाही. हे तुळसाबाईंच्या घरी सांगायला हवं होतं.

तुळसाबाईंच्या फाटकाशी स्कूटी थांबली तेव्हा ऊन कलत होतं. पोर्चमध्ये चपलांच्या चार जोड्या होत्या. म्हणजे लग्नाच्या खरेदीसाठी बायका जमल्या होत्या. कमलिनी थबकली. वाटेत तिचं ठरलं होतं, की काहीतरी सौम्य सांगू. दुकानात घोटाळा झाला, मिस्त्रीचा दोष नव्हता, एवढं पुरे. त्यात कोणाचं नाव घ्यायची गरज नव्हती. दुर्गाचं झाकता येत होतं, आणि तिचं स्वतःचंही. ते ती दुर्गाला सांगायला वळली, तोवर दुर्गा फाटक उघडून आत गेली होती.

कमलिनी बाहेरच राहिली. गेले दोन तास ती याच क्षणाची वाट पाहत होती. दुर्गाची मान खाली गेलेली तिला बघायची होती, सगळ्यांसमोर. आता खिडकी दहा पावलांवर होती. तिनं पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं. आतून आधी बोलणं ऐकू आलं, मग कपबशा ठेवल्याचा आवाज.

पंधरा मिनिटांनी दुर्गा बाहेर आली. चेहरा लाल होता, डोळे कोरडे. तिच्यामागं तुळसाबाई दारापर्यंत आल्या आणि फोन कानाला लावून कवडूला उद्या सकाळी यायला सांगत होत्या.

दुर्गानं स्कूटी स्टँडवरून उतरवली.

"सांगतलं," ती म्हणाली. "फोनचं सांगतलं. माह्या घरच्या फ्लोअरिंगचंही सांगतलं."

"ते कावून? ते कोणी विचारलं नव्हतं."

"सांगून टाकलं." दुर्गानं हँडलवरची धूळ पदरानं पुसली. "आता कोणी आलं, की गालिचा टाकाचं काम नाही."

ती स्कूटीवर बसली आणि कमलिनी मागं बसायची वाट बघत राहिली. तिचे खांदे सैल झाले होते. कमलिनीनं ते खांदे पाहिले. आपण दुर्गाला दुकानात कशासाठी नेलं होतं, कोणाचं तोंड बघायला, हे कमलिनीनं आत जाऊन त्या चार बायकांना सांगितलं नव्हतं. सांगू शकली नसती. आजही नाही, उद्याही नाही.

ती मागं बसली आणि तिला दुर्गाचा हेवा वाटला, आधी कधीही वाटला नव्हता इतका.